कोणावरही अवलंबून नाही

"सोपं आहे" हे दोन शब्द सोपेरावांच्या तोंडून बाहेर पडले, तेव्हा बैठकीतल्या नऊ माणसांपैकी सात जणांनी माना खाली घातल्या. आठवे स्वतः सोपेराव. नववे साहेब, आणि ते मात्र खूश झाले. पगारपत्रकावर सोपेरावांचं नाव वेगळं होतं, पण कचेरीत ते कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. प्रश्न नीट ऐकून व्हायच्या आत 'सोपं आहे' म्हणायची त्यांची खोड एवढी जुनी होती की तिचं आडनाव झालं होतं. लोक आपल्याला हे प्रेमानं म्हणतात, असा सोपेरावांचा समज होता. तो दूर करण्याइतकं कोणाचं त्यांच्याशी वैर नव्हतं.

प्रश्न साधा होता. शहराच्या बस महामंडळाची मुख्य कचेरी, तिच्यात एकसष्ट कॉम्प्युटर, आणि प्रत्येकावर कचेरीतल्याच लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेले छोटे छोटे प्रोग्राम. वेळापत्रकाचा एक, ड्यूटी लावायचा एक, टायरचा एक, पासाचा एक. नवीन कॉम्प्युटर आला की ते सगळे त्याच्यावर चढवायला किती वेळ लागतो, एवढंच साहेबांनी विचारलं होतं.

"चार दिवस," सोपेराव म्हणाले.

"चार दिवस? का?"

"त्याचं असं आहे साहेब. वेळापत्रक चढवायला घेतलं की ते म्हणतं, मला आधी थांब्यांची यादी हवी. थांब्यांची यादी चढवायला जावं तर ती म्हणते, छपाई कुठाय? छपाई म्हणते, तारीख सांगणारा प्रोग्राम आणा. असं मागं मागं जात तिसऱ्या दिवशी आपण कुठून निघालो होतो तेच आठवत नाही. याला डिपेंडन्सी म्हणतात."

"बाहेरची एक कंपनी हे दहा मिनिटांत करून देते म्हणे," साहेब म्हणाले. "त्यांनाच बोलवावं म्हणतो. मग संगणक विभागात एक माणूस जास्तीचा होईल."

संगणक विभागात माणूस एकच होता. तो साहेबांच्या समोर बसला होता.

"अर्थात, सोय होईल त्याची. हरवले-सापडलेच्या बाई या महिनाअखेर निवृत्त होताहेत. तिथं जागा आहे."

आता हरवले-सापडले म्हणजे काय, हे कळल्याशिवाय सोपेराव पुढं जे बोलले ते का बोलले, याची कल्पना यायची नाही. कचेरीच्या तळघरात, जिन्याखालून वाकून गेलं की एक लांबट खोली लागे. बसमध्ये विसरलेल्या वस्तू तिथं येत. चारशेवर छत्र्या, एकेकट्या चपला, जेवणाचे डबे, दातांच्या तीन कवळ्या, आणि कोणीतरी चक्क विसरून गेलेला एक शिलाई मशीनचा पाय. त्या पसाऱ्यात एकतीस वर्षं एक बाई बसत. त्यांना सगळे छत्रीबाई म्हणत. कचेरीत असा प्रवाद होता की महामंडळाला जो माणूस नको असतो, तो तिथं जमा होतो आणि वर्षभरात कोणी न्यायला आलं नाही तर त्याचा लिलाव होतो. सोपेरावांना निवृत्तीला सहा वर्षं होती. ती सहा वर्षं कवळ्यांच्या शेजारी काढायच्या कल्पनेनं त्यांच्या पायाखालची वाळू सरकली, आणि वाळू सरकली की त्यांची जीभ आपोआप सुटत असे.

"सोपं आहे साहेब. मीच लिहितो ना! छोटासा पॅकेज मॅनेजर. प्रोग्रामचं नुसतं नाव सांगायचं, त्याला काय काय लागतं ते तो स्वतःच शोधून आणणार आणि ओळीनं बसवणार. पंधरा दिवस द्या."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी त्यांनी ही बातमी जरा वेगळ्या रंगात सांगितली. महामंडळाची सगळी यंत्रणा आता त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर आली आहे, असा एकूण सूर होता. बायको भाजी निवडत होती.

"म्हणजे नक्की काय करणार तुम्ही?"

"असं समज, तुला चहा करायचाय. तर चहाला पाणी लागतं, दूध लागतं, गॅस लागतो, गॅसला लायटर लागतो. तू फक्त 'चहा' म्हणायचं, बाकी सगळं आपोआप हजर."

"हे तर आपल्या घरी आहेच की," बायको म्हणाली. "तुम्ही नुसतं 'चहा' म्हणता."

सोपेराव चष्मा शोधू लागले. मी घरात कोणावर अवलंबून नाही, हे त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. चष्मा बायकोनंच फ्रिजवरून काढून दिला.

शेजारच्या ब्लॉकमध्ये एक निवृत्त हेडमास्तर राहत. शाळा सुटून दहा वर्षं झाली होती, पण समोरच्याला बाकावर उभं करण्याची सवय सुटली नव्हती. सोपेरावांनी त्यांना आपण महामंडळाच्या संगणक खात्याचे प्रमुख आहोत असं सांगून ठेवलं होतं. एका माणसाच्या खात्यात दुसरा प्रमुख असणार तरी कोण, तेव्हा हे खोटं नव्हतं.

"डिपेंडन्सी?" हेडमास्तर म्हणाले. "अहो, अवलंबून राहणं हीच मुळी दुर्बलता! मी तीस वर्षं मुलांना सांगत आलो, शेजाऱ्याच्या वहीत बघू नका. तुमच्या प्रोग्रामांना सांगा, आपापलं आपण लिहा."

"तसं नसतं हो ते."

"नसतं कसं? बरं ते असू दे. माझी छत्री बारा नंबरच्या बसमध्ये राहिली, त्याला पाच महिने झाले. वाकडी मूठ, लाकडी. तुमच्या कचेरीत विचारतो म्हणाला होतात."

"तो विभाग आमच्याकडे येत नाही," सोपेराव ताठ होत म्हणाले. "आम्ही वरच्या मजल्यावर असतो."

पहिला आठवडा आस्थापना शाखेनं खाल्ला. सोपेरावांनी कामाला मंजुरी मागणारी टिपणी पाठवली होती, ती परत आली. समासात लाल शाईत लिहिलं होतं: 'मॅनेजर हे पद महामंडळाच्या आराखड्यात मंजूर नाही. वेतनश्रेणी व आरक्षणाचा तपशील जोडावा.' हा माणूस नसून प्रोग्राम आहे, हे समजावायला सोपेराव तीन वेळा जिना चढले. आस्थापनेचा कारकून शांतपणे म्हणाला, "माणूस नाही ना? मग तर जास्तच कठीण. माणसाला निदान तात्पुरतं नेमता येतं." शेवटी टिपणीत मॅनेजरच्या जागी 'सहाय्यक, तात्पुरता' असं केल्यावर मंजुरी मिळाली. सोपेरावांना वाईट वाटलं. बाळ जन्मायच्या आधीच त्याची पदावनती झाली होती.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक फॉर्म काढला. कोणाला काय लागतं हे पॅकेज मॅनेजरला कोणीतरी सांगायला हवं, म्हणून एका पानावर दोनच रकाने. पहिला: आपला प्रोग्राम कोणकोणत्या प्रोग्रामांवर अवलंबून आहे? दुसरा: आपल्या प्रोग्रामवर कोणकोण अवलंबून आहेत? शाखाप्रमुखाची सही खाली. याहून सोपा फॉर्म जगात नसेल, असं म्हणून सोपेरावांनी तो स्वतः वाटला.

दोन दिवसांत सगळे फॉर्म भरून आले. महामंडळाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं, आणि तेव्हाच सोपेरावांना संशय यायला हवा होता. वेळापत्रक शाखेनं पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, 'कोणावरही नाही'. दुसऱ्यात, 'सर्व'. ड्यूटी शाखेनं लिहिलं होतं, 'कोणावरही नाही', आणि दुसऱ्यात, 'सर्व (विशेषतः वेळापत्रक शाखा)'. पास शाखेनं 'कोणावरही नाही' खाली दोन रेघा मारल्या होत्या. टायरवाल्यांनी लिहिलं होतं, 'टायर स्वयंपूर्ण आहे'.

अवलंबून या शब्दानं घोळ केला होता. ज्या कचेरीत शेजारच्या टेबलावरचं स्टेपलर मागणं म्हणजे नाक कापून घेणं, तिथं आपण दुसऱ्या शाखेवर अवलंबून आहोत हे सहीनिशी कोण लिहून देणार? सोपेरावांनी प्रोग्राम उघडून पाहिले. वेळापत्रक दर सकाळी ड्यूटीला विचारत होतं की आज कोणता ड्रायव्हर आहे, आणि ड्यूटी वेळापत्रकाला विचारत होती की आज कोणती बस आहे. दोघांनाही एकमेकांशिवाय उठता येत नव्हतं. एक कारकून रोज कालचा कागद घालून दोघांना जागं करत होता, म्हणून गाडी चालली होती. दोन्ही शाखांचे प्रमुख मात्र एका खिडकीवरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

सोपेराव आधी वेळापत्रकाच्या प्रमुखांकडे गेले. "तुमच्या फॉर्ममध्ये ड्यूटीचं नाव राहिलंय."

"राहिलं नाही. घातलं नाही."

"पण तुमचा प्रोग्राम त्यांना विचारतो हो रोज."

"विचारतो म्हणजे काय? सौजन्य म्हणून विचारतो. उत्तर नाही दिलं तरी आमचं काही अडत नाही."

"अडतं. मी करून बघितलं."

"सोपेराव, खाली माझी सही दिसते ना? मग झालं."

ड्यूटीच्या प्रमुखांनी तर खुर्चीही दिली नाही. साहेबांकडे जावं तर साहेब म्हणाले, "शाखाप्रमुखाच्या सहीवर शंका घ्यायची नाही. उद्या लोक माझ्या सहीवर घेतील." तेव्हा जे लिहून आलं तेच पॅकेज मॅनेजरला खरं म्हणून सांगण्यात आलं.

फक्त एक फॉर्म वेगळा होता. छत्रीबाईंनी पाठपोट दोन पानं भरली होती. पहिला रकाना पुरला नाही म्हणून मागं लिहिलं होतं, तिथंही पुरलं नाही म्हणून समासात. त्यांच्या कॉम्प्युटरला तारीख, थांब्यांची यादी आणि छपाई तर लागत होतीच, त्याशिवाय खिडकी एक वीत उघडी लागत होती, प्लगच्या खाली चौदा नंबरची वही लागत होती, पंखा बंद लागत होता, कारण 'दोघं एकदम चालत नाहीत', आणि नवव्या क्रमांकावर लिहिलं होतं, 'काही अडल्यास माझी धाकटी बहीण, पण ती दुपारी झोपते'. दुसऱ्या रकान्यात, आपल्यावर कोण अवलंबून आहे या प्रश्नापुढं, त्यांनी एक छोटीशी आडवी रेघ मारली होती.

सोपेरावांनी हा फॉर्म चहाच्या वेळी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. चौदा नंबरच्या वहीला लोक हसले. धाकट्या बहिणीला तर टायरचे प्रमुख इतके हसले की त्यांना ठसका लागला. पंधरा दिवसांत सोपेरावांना एवढा मान प्रथमच मिळत होता, म्हणून त्यांनी तो भाग पुन्हा वाचला. मग फॉर्म आपल्या खणात ठेवला आणि पॅकेज मॅनेजरच्या यादीतून तळघरातला कॉम्प्युटर सरळ काढून टाकला. राहिले साठ.

एक फॉर्म अजून बाकी होता, स्वतः सोपेरावांचा. पॅकेज मॅनेजर हाही एक प्रोग्राम, त्यालाही फॉर्म लागणारच. आणि इथं सांगायला दुःख होतं, पण सांगितलंच पाहिजे. तारीख नावाचा तो प्रोग्राम, जो छपाईला लागे, थांब्यांना लागे, सगळ्यांनाच लागे, तो तेवीस वर्षांपूर्वी सोपेरावांनीच लिहिला होता. जेवणाच्या सुट्टीत, अर्ध्या तासात. आजची तारीख सांगायची, एवढंच त्याचं काम. पण एकोणतीस फेब्रुवारीचा हिशेब त्या दिवशी जमला नाही आणि सुट्टी संपली, तेव्हा नंतर दुरुस्त करू म्हणून त्यांनी तिथं एक वाक्य टाकून ठेवलं होतं. ते नंतर कधी आलं नाही. त्यामुळं दर चार वर्षांनी एक दिवस महामंडळाच्या प्रत्येक कागदावर तारखेच्या जागी छापून येई, 'आज साहेबांना विचारा'. हे कोणी केलं याची चौकशी दर चार वर्षांनी निघे आणि दर वेळी सोपेराव तिच्यात उत्साहानं भाग घेत.

नव्या पॅकेज मॅनेजरलाही नोंदीसाठी तारीख लागतेच. ती दुसऱ्यांदा कोण लिहीत बसणार, म्हणून त्यांनी आत जुनीच जोडली होती. पण ते कागदावर लिहायचं? साहेबांच्या समोर? त्यांनी पेन उचललं, इकडं तिकडं पाहिलं, आणि पहिल्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कोणावरही नाही'. बरं वाटलं. इतर शाखांना का बरं वाटलं असेल तेही कळलं.

चौदाव्या दिवशी साहेब टेबलापाशी आले. "प्रोग्राम बसवतो, ठीक. पण कचरा? नको असलेले प्रोग्राम काढून टाकतो का हा?"

त्यांनी निव्वळ विचारलं होतं. सोपेराव नाही म्हणाले असते तर चाललं असतं.

"सोपं आहे. ज्या प्रोग्रामचं नाव कोणी घेत नाही आणि ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही, तो कचरा. एक 'साफसफाई' बटण देतो."

प्रात्यक्षिक सोळाव्या दिवशी ठेवलं होतं, मधला एक दिवस सुट्टीचा होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी तळघरात छत्रीबाईंचा निरोप समारंभ झाला. सोपेराव त्याला गेले नाहीत, कारण ते बटण लिहीत होते. बाईंनी त्यांच्यासाठी एक चिठ्ठी ठेवली, 'भेट झाली नाही. आपल्या कामाला यश येवो.' ती त्यांनी वाचली आणि खणात टाकली.

दुपारचे तीन. बैठकीची खोली. सगळे शाखाप्रमुख, साहेब, आणि तुलना करता यावी म्हणून मुद्दाम बोलावलेला बाहेरच्या कंपनीचा एक तरुण अधिकारी, जो सारखा हसतमुख होता. सोपेरावांनी नवा कोट घातला होता. बायकोनं सकाळी त्याची गुंडी लावून दिली होती.

पहिला भाग झकास झाला. सोपेरावांनी नव्या कोऱ्या कॉम्प्युटरवर 'पास' एवढंच लिहिलं आणि पासाचा प्रोग्राम तीन सेकंदांत बसला. तो चालवून बघा असं कोणी म्हणालं नाही. टाळ्या पडल्या. कंपनीचा अधिकारीसुद्धा वहीत काहीतरी लिहू लागला. आता थांबावं, असं सोपेरावांच्या मनात क्षणभर आलं होतं, हे त्यांनी पुढं बायकोला शपथेवर सांगितलं. पण साहेब म्हणाले, "आणि ते साफसफाईचं?"

बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'चौदा प्रोग्राम कोणालाच लागत नाहीत. सगळीकडून काढू का?'

"चौदा!" साहेब म्हणाले. "बघा, किती कचरा घेऊन बसलो होतो आपण. काढा, काढा."

यादी सोपेरावांच्या समोर होती. पहिल्याच ओळीत तारीख होती. ती वाचायला त्यांना चष्मा लागला असता, आणि चष्मा घरी फ्रिजवर होता. त्यांनी 'हो' दाबलं.

साठ कॉम्प्युटरांवरून तारीख गेली, थांब्यांची यादी गेली, छपाई गेली. सगळे प्रोग्राम जिथं साठवलेले असत त्या मुख्य कॉम्प्युटरवरूनही गेली, कारण दिव्याखाली अंधार नको म्हणून सोपेरावांनी तो यादीत पहिला घातला होता. दुसरा बॅकअपचा होता.

मिनिटभर काही झालं नाही. मग खिडकीतून, खालच्या बसस्थानकावरच्या भोंग्याचा आवाज आला: "प्रवाशांनी लक्ष द्यावे. मार्गे कडे जाणारी गाडी वाजता फलाटावरून सुटेल." पुन्हा एकदा तेच. फलकावरची सगळी गावं, सगळ्या वेळा पुसल्या गेल्या होत्या. ड्यूटीच्या प्रोग्रामला बसांची यादी मिळेना, तेव्हा त्यानं आपल्या बुद्धीप्रमाणं त्रेचाळीस ड्रायव्हर एक नंबरच्या बसवर नेमले, आणि ते सगळे शिस्तीनं तिथं जाऊन उभे राहिले. खाली कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता.

"आमचा प्रोग्राम तारीख मागतोय!" वेळापत्रकाचे प्रमुख ओरडले.

"आमचाही," ड्यूटीचे प्रमुख म्हणाले. अकरा वर्षांत ते प्रथमच एकमेकांना दुजोरा देत होते.

"पण तुम्हीच तर लिहून दिलंत," सोपेराव म्हणाले, "की कोणावरही..."

"ते नंतर बघू," साहेब म्हणाले. "तुमचा मॅनेजर आहे ना? प्रोग्राम परत बसवणं हेच त्याचं काम. सुरू करा."

सोपेरावांनी सुरू केला. सुरू झाला नाही. पुन्हा केला.

"काय झालं?"

"त्याला... तारीख लागते, साहेब."

साहेबांनी शांतपणे समोरची फाइल ओढली, पानं उलटली आणि सोपेरावांचा फॉर्म काढून त्यांच्यासमोर धरला. चष्म्याशिवायसुद्धा वाचता येईल इतकं ते अक्षर सुवाच्य होतं. कंपनीचा अधिकारी तेवढा हसतमुख होता. सोपेरावांना त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं, आणि जमीन म्हटल्यावर त्यांना तळघर आठवलं.

तळघरातला कॉम्प्युटर! यादीतून काढून टाकलेला! जगातली शेवटची तारीख तिथं शिल्लक होती.

ते धावत खाली गेले. तो चालूच होईना. बाईंना फोन लावला, तो कोणी उचलला नाही, आणि घड्याळात साडेतीन वाजलेले पाहून त्यांच्या लक्षात आलं की बहिणीलाही लावून उपयोग नाही, ती दुपारी झोपते. तेव्हा ते पुन्हा वर गेले, खण उघडला आणि ज्या कागदावर कचेरी पोट धरून हसली होती, तो कागद दोन्ही हातांनी धरून खाली आले. शिपायाचा चष्मा उसना आणला.

चौथा मुद्दा, खिडकी एक वीत. उघडली. पाचवा, प्लगच्या खाली चौदा नंबरची वही. तेरा नंबरची घालून पाहिली, जमेना. चौदाच लागत होती, तिचा पुठ्ठा जाड होता. सहावा, पंखा बंद. सातवा: 'डाव्या अंगाला एक थाप द्यावी.' सोपेरावांनी घाईघाईनं दोन दिल्या. पडद्यावर उजेड आला आणि गेला. मग पुढची ओळ वाचली: 'दोन दिल्यास दहा मिनिटे थांबावे लागते.'

दहा मिनिटं करण्यासारखं काही नव्हतं. चारशे छत्र्यांच्या मधे स्टुलावर बसून सोपेरावांनी तो फॉर्म पहिल्यापासून वाचला. चहाच्या वेळी त्यांनी हसण्याजोगं तेवढंच वाचलं होतं. पहिला मुद्दा होता: 'तारीख. ही आपल्या संगणक विभागातल्या भाऊंनी केलेली आहे. माझे तिच्यावाचून एक दिवसही चालत नाही. तेवीस वर्षांत कधी चुकली नाही. एकोणतीस फेब्रुवारीला ती साहेबांना विचारायला सांगते, त्याप्रमाणे मी वर जाऊन विचारून येते. त्या निमित्ताने सर्वांची भेट होते.'

सोपेरावांनी तो मुद्दा पुन्हा वाचला. एवढ्या मोठ्या कचेरीत त्यांच्या कामावाचून अडतं असं एकाच माणसानं लिहून दिलं होतं, आणि त्या माणसाला निरोप द्यायलाही ते खाली उतरले नव्हते. तारखेवाचून अडतं ही गोष्ट आपल्या फॉर्मात त्यांनी स्वतःसुद्धा नाकारली होती. त्यांना लाज वाटली. रडूही आलं असतं, पण चष्मा शिपायाचा होता.

दहा मिनिटं झाली. एक थाप. यंत्र चालू झालं.

वरचे सगळे कॉम्प्युटर त्या यंत्राला जोडल्यावर संध्याकाळी साडेसहाला बसांना आपापली गावं परत मिळाली. तोवर गावभर एकच गोष्ट फिरली होती, ती म्हणजे ही बातमी. साहेबांनी सोपेरावांना बोलावलं तेव्हा ते रागावलेले नव्हते, आणि हेच वाईट होतं.

"सोपेराव, कंपनीवाले उद्यापासून येताहेत. त्यांचं म्हणणं, ते खालचं यंत्र आता सगळ्यांचं मूळ आहे. त्यांचं काम होईपर्यंत ते बंद पडता कामा नये. पण त्यांना काही ते सुरू करता येईना. त्यांनी तीन थापा दिल्या."

"तीन दिल्यावर काय होतं ते लिहिलेलं नाही साहेब."

"तेच म्हणतो मी. तुम्हालाच जमतं ते. तुमच्यावाचून चालायचं नाही आता. उद्यापासून खालीच बसा."

तेवीस वर्षं कान जे वाक्य ऐकायला आसुसलेले होते, ते असं ऐकू आलं. घरी बायकोनं कोटाची गुंडी काढता काढता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खाली थंड असेल. स्वेटर देते." ती आणखी काही बोलली असती तर सोपेरावांना तिच्यावर चिडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तळघराच्या खिडकीवर पहिलं गिऱ्हाईक आलं. वाकून आत डोकावत हेडमास्तर म्हणाले, "वाकडी मूठ, लाकडी, बारा नंबर," आणि मग त्यांना खिडकीतलं तोंड दिसलं.

"अरे! तुम्ही? तुम्ही तर वरच्या मजल्यावर..."

"तपासणी चालू आहे," सोपेराव म्हणाले.

छत्री चौथ्या रांगेत सापडली. हेडमास्तरांनी ती उघडून, मिटून पाहिली, सही केली, आणि जाता जाता खोलीकडं, स्वेटरकडं आणि प्लगखालच्या वहीकडं एकदा पाहून घेतलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला कळणार होतं.

अकरा वाजता वरून एक लिफाफा आला. कंपनीचा फॉर्म होता, गुळगुळीत कागदावर, रंगीत चिन्हाचा. खाली दोन रकाने. आपला विभाग कोणकोणत्या गोष्टींवर अवलंबून आहे?

सोपेरावांनी पेन उचललं. पहिल्या ओळीत त्यांनी छत्रीबाई लिहिलं, आणि पुढं त्यांच्या बहिणीचा फोन, चारनंतर. मग चौदा नंबरची वही, खिडकी, पंखा, एक थाप. चष्मा फ्रिजवर राहिला होता म्हणून शिपायाचा चष्मा. तो फ्रिजवर आहे हे फोनवर सांगणारी बायको, आणि तिचाच स्वेटर. रकाना पुरला नाही म्हणून मागं लिहिलं, मग समासात. दुसऱ्या रकान्यात पेन जरा थांबलं. शेवटी त्यांनी तिथं एक छोटीशी आडवी रेघ मारली. खाली सही केली आणि फॉर्म वर पाठवला.

चहाची वेळ झाली. खाली चहा येत नसे, आठवण झाली तर येई. सोपेराव स्टुलावर बसून वाट बघत होते, तेवढ्यात जिन्यावरून हसण्याचा आवाज खाली आला. आधी थोडा, मग सगळ्यांचा. कोणीतरी मोठ्यानं वाचत होतं. टायरच्या प्रमुखांना ठसका लागला, तो त्यांनी ओळखला, आणि स्वेटरपर्यंत आले असावेत असा अंदाज केला.

मग आवाज क्षणभर थांबला, आणि तोच भाग पुन्हा वाचला गेला.